नेपोलियन रॅस: आधी मादी, मग नर!

मासा माणसापेक्षा लांब असू शकतो का? हो! प्रवाळांमध्ये राहणारा नेपोलियन रॅस जवळपास 2 मीटर लांब आणि 180 किलोपर्यंत वजनदार होतो. जाड ओठ आणि कपाळावरचा मोठा उंचवटा ही त्याची ओळख. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंत तो आढळतो. आपल्या लक्षद्वीप आणि अंदमानच्या समुद्रातही.

दिवसा तो शिंपले, खेकडे शोधत फिरतो आणि रात्री प्रवाळांच्या कपारीत झोपतो. प्रवाळ फस्त करणारा विषारी काटेरी तारामासाही तो खातो. म्हणजे तो प्रवाळांचा राखणदारच!

सर्वांत नवलाची गोष्ट पुढे आहे. यातल्या काही माद्या मोठ्या झाल्यावर चक्क नर होतात.

पण इथेच त्याचा घात होतो. हा मासा 30 वर्षांहून अधिक जगतो, पण अंडी घालण्याजोगा व्हायला त्याला साधारण 5 ते 7 वर्षे लागतात. हाँगकाँग आणि दक्षिण चीनमधल्या हॉटेलांत मात्र एका ताटात मावेल असा लहान, जिवंत मासा महागात विकला जातो. पिल्लेच पकडली, तर पुढे माद्या कुठून येणार आणि नर तरी कुठून?

म्हणूनच 2004 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे. लक्षद्वीपला गेलात आणि पाण्यात हा मासा दिसला, तर लांबूनच डोळे भरून पाहा. त्याला मोठे व्हायला अजून बरीच वर्षे हवी आहेत.