सुवाह्य वर्णपटमापक, पुरावस्तूंसाठी

पुरावस्तू, मूर्ती, भित्तिचित्रे इत्यादींचे घटक त्या असतील तेथेच व तुकडा न काढता ओळखण्यासाठी वापरण्यात येणारी, हातात किंवा पेटीतून नेता येण्याजोगी उपकरणे. क्ष-किरण अनुस्फुरणमापक व रामन वर्णपटमापक ही त्यांपैकी विशेष प्रचारात आहेत.

पहिल्या उपकरणातील लहान नलिकेतून निघालेल्या क्ष-किरणांमुळे वस्तूतील अणूंच्या आतील कक्षांमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. या रिक्त जागा भरल्या जाताना प्रत्येक मूलद्रव्य ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण उत्सर्जित करते. तांब्याचे ८·०५, तर जस्ताचे ८·६४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्यात किंवा वैनगंगेपलीकडील कारध्यात एखाद्या घरच्या जुन्या समईतील जस्ताचे प्रमाण अशा रीतीने देवघरातच काही मिनिटांत काढता येते. पूजेतील वस्तूचा कीस काढू देण्यास कोणी सहसा राजी होत नाही. मात्र हे किरण मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी खोलीतून येतात. त्यामुळे भांड्याच्या कल्हई केलेल्या बाजूवर कथिल ठळक दिसते व गंजलेल्या भागावरील प्रमाणे फसवी ठरतात.

प्रवरेकाठच्या दायमाबाद (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) येथे १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार धातुशिल्पांचा साठा मिळाला. तो उत्खननातील थरांत न मिळाल्याने त्याच्या काळाविषयी वाद झाला. एम. के. ढवळीकर यांनी ती उत्तर हडप्पाकालीन मानली, उलट डी. पी. अग्रवाल यांनी १ टक्क्याहून अधिक आर्सेनिकाकडे बोट दाखवून त्याविषयी शंका घेतली. अशा प्रश्नात सुवाह्य उपकरणाचे वाचन फार जपून करावे लागते. कारण आर्सेनिकाची मुख्य रेषा (१०·५४) व शिशाची रेषा (१०·५५) जवळजवळ एकमेकींवर पडतात. शिसे असलेल्या धातूत आर्सेनिक ठरविण्यासाठी ११·७३ ची दुय्यम रेषा पहावी लागते व ती क्षीण असते. शिवाय प्रमाण अचूक निघाले, तरी केवळ त्यावरून वस्तूचे वय ठरत नाही.

चित्रांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. अजिंठ्याच्या चित्रांतील निळ्या रंगासाठी वापरलेल्या लाजवर्दातील सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन व गंधक ही हलकी मूलद्रव्ये हवेतून नीट टिपली जात नाहीत. त्यांपैकी काही तर खालच्या मातीच्या गिलाव्यातही असतात. काजळातील कार्बन मुळीच दिसत नाही. तांबडी व पिवळी काव दोन्ही केवळ लोह दाखवितात. येथे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला परिणाम उपयोगी पडतो. लेसर प्रकाशाच्या प्रकीर्णनात रेणूंच्या कंपनांमुळे होणाऱ्या तरंगलांबीतील बदलांवरून मूलद्रव्य नव्हे, तर संयुगच ओळखता येते. जुन्या सेंद्रिय लेपांच्या अनुस्फुरणाने हा मंद प्रकाश झाकला जातो. म्हणून लेसरची तीव्रता वाढविण्याचा मोह होतो. तथापि गडद रंग प्रकाश अधिक शोषून तापतात व पिवळी काव तापल्यास तांबडी होते.