डंखातील विष आणि औषध

ऑगस्ट सरत आला की ट्रॉयमधील उद्यानांत उन्हाळ्याचे शेवटचे मेळावे भरतात आणि सोड्याच्या उघड्या डब्यांभोवती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या गांधीलमाश्या घोंघावू लागतात. या सुमारास त्यांच्या पोळ्यांतील कामकरी माश्यांची संख्या शिगेला पोहोचलेली असते आणि त्यांना गोडाची ओढ लागलेली असते. आपल्यापैकी अनेकजण त्यांना सरसकट ‘मधमाशी’ म्हणतात. डॉक्टरांना मात्र नेमके कोण चावले हे कळणे आवश्यक असते.

मधमाशीच्या सुकवलेल्या विषाचा सुमारे निम्मा भाग मेलिटिन या एकाच पदार्थाचा असतो. अवघ्या २६ अमिनो आम्लांची ही साखळी पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडते. डंखाची आग मुख्यतः तिची. फॉस्फोलिपेज ए२ हे विकर प्रमाणाने बरेच कमी, पण अ‍ॅलर्जीस प्रामुख्याने तेच कारणीभूत ठरते. गांधीलमाशीच्या विषात या दोहोंऐवजी मास्टोपरान, फॉस्फोलिपेज ए१ आणि ‘अँटिजेन ५’ आढळतात. त्यामुळे एकीची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसरीची असेलच असे नाही.

मेलिटिन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मारते, असे पर्थ येथील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले आणि ती बातमी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवरही फिरली. ते प्रयोग मुख्यतः प्रयोगशाळेतील पेशींवर आणि उंदरांवर झाले होते. मेलिटिन रक्तातील तांबड्या पेशीही फोडते; ते केवळ रोगट पेशींपर्यंत कसे न्यावे, हा खरा पेच आहे. दरम्यान, सांधेदुखीवर जिवंत माश्यांचे डंख घेण्याचा प्रकार मात्र सर्रास चालतो. स्पेनमध्ये अशाच ‘उपचारा’नंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याची नोंद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, त्याआधी दोन वर्षे ती हे डंख विनातक्रार घेत होती.

विषाचा निर्विवाद सिद्ध झालेला उपयोग विषाच्याच अ‍ॅलर्जीवर आहे. कित्येक दशके रुग्णांना अख्खी माशी कुटून केलेला अर्क टोचला जाई. १९७८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी त्याची शुद्ध विषाशी तुलना केली. मुद्दाम डंख देऊन पाहिल्यावर निव्वळ औषधाभास मिळालेल्या १२ पैकी ७ जणांना, अर्क घेतलेल्या ११ पैकी ७ जणांना, तर विष घेतलेल्या १८ पैकी एकालाच सर्वांगीण प्रतिक्रिया आली. म्हणजे अर्काचा उपयोग शून्य! आज अल्पांश मात्रेपासून चढत साधारण १०० मायक्रोग्रॅमपर्यंत नेतात, म्हणजे मधमाशीच्या जेमतेम एका डंखाइतके विष, आणि उपचार तीन ते पाच वर्षे चालतो.

डंखानंतर अंगभर पित्त उठणे, श्वास अडकणे वा भोवळ येणे असे कधी घडले असेल, तर अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना जरूर भेटावे. एपिनेफ्रिनचे पेन भारतात सहजी मिळत नाही. सुटीत गडांवर किंवा अजिंठ्याला, जिथे कड्यांवर आग्या मोहोळे लटकतात, तिथे जायचे असेल तर दोन पेन आणि डॉक्टरांची चिठ्ठी विमानात हातातल्या पिशवीतच ठेवावी.