मणक्यातला अचानक रक्तस्राव

मज्जारज्जूचे बाहेरचे आवरण आणि मणक्याचे हाड यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत पातळ भिंतींच्या शिरांचे जाळे असते. या शिरांना झडपा नसतात. खोकला, शिंक किंवा शौचाला कुंथणे यांनी वाढलेला दाब थेट त्यांच्यावर येतो. कसलाही मार लागलेला नसताना एखादी शीर फुटते, रक्त साकळते आणि रज्जू चेपला जातो. हा आजार वर्षाला दहा लाखांत एखाद्यालाच होतो. 2011 च्या जनगणनेत नांदेड व लातूर जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून सुमारे 58 लाख होती. त्या हिशेबाने इथे वर्षाला पाच-सहा रुग्ण.

सुरुवात मानेत किंवा दोन खवाट्यांच्या मध्ये सुरी खुपसावी तशा कळेने होते. घरचे म्हणतात उसण भरली. शेक, मालीश, मेडिकलमधली एखादी गोळी होते. तेवढ्यात, काही मिनिटांत वा तासांत, पायांतले बळ जाते, बधिरता चढते, लघवी तुंबते. रक्तस्राव मानेत एका बाजूला असेल तर एकाच अंगाचे हातपाय लुळे पडतात आणि ‘अंगावरून वारं गेलं’ असा समज होतो. मात्र तोंड वाकडे होत नाही, बोलणे स्वच्छ राहते, मान दुखत असते. हा फरक चुकला आणि लकव्यासाठी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले, तर रक्तस्राव आणखी वाढतो.

बऱ्याच रुग्णांत कारण सापडत नाही. हृदयाची झडप बदललेले, वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे यांना धोका अधिक. त्यांनी मनाने वेदनाशामक घेणे तर वाईटच.

निदान एमआरआयने होते. साध्या एक्स-रेत हे रक्त दिसत नाही. किनवट-माहूरहून नांदेड गाठायलाच काही तास जातात. म्हणून 108 ला फोन करतानाच विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा उदगीर-निलंग्याकडून निघताना लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत, एमआरआय आणि मणक्याचे सर्जन त्या वेळी आहेत का हे विचारलेले बरे. नसतील तर पुढचा पत्ता लगेच ठरतो.

मणक्याच्या मागचा हाडाचा भाग काढून गुठळी उपसणे हा मुख्य उपचार. पहिल्या बारा तासांत झाला तर पाय परत येण्याची आशा चांगली. पूर्ण लुळे पडून दीड दिवस उलटला की ती फार उरत नाही. शस्त्रक्रियेआधी के जीवनसत्त्व, प्लाझ्मा देऊन रक्ताची गोठण्याची क्षमता सावरतात. त्रास सौम्य असून आपोआप उतरत असेल तर कडक देखरेखीखाली थांबता येते.

नंतर महिनोन्‌महिने फिजिओथेरपी, लघवीची नळी आणि दर दोन तासांनी कूस बदलणे. झडपवाल्या रुग्णाची रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा केव्हा सुरू करायची, हे सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात.