अहवाल, फिल्टर आणि गावांची नावे

सुरतच्या रिंग रोडवरचा कापड व्यापारी पूर्वी गिऱ्हाइकांची नोंद वहीत ठेवी. आता ती सीआरएम म्हणजे ग्राहक-व्यवहाराच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. समजा, त्याला जाणून घ्यायचे आहे, की नंदुरबारच्या कोणत्या दुकानदारांनी तीन महिन्यांत मागणी नोंदवलेली नाही. गाव आणि मुदत अहवालातच पक्की बसवली तर उद्या भुसावळसाठी नवा अहवाल करावा लागेल. म्हणून अहवाल एकच करतात आणि गाव, तारीख यांची निवड वापरणाऱ्यावर सोडतात. ‘गाळणी’ हा शब्द मला आवडतो, पण पेढीवर फिल्टरच म्हणतात. इथेही तोच ठेवतो.

स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्समध्ये यासाठी साधी सोय आहे. अहवालाच्या एसक्यूएल क्वेरीत तक्त्याला जे टोपणनाव द्यायचे, त्याच्या आधी ‘सीआरएमएएफ’ ही रोमन अक्षरे व अधोरेषा जोडली, की अटी निवडण्याची खिडकी सॉफ्टवेअरच पुढे करते. जी अट कोणी बदलू नये, उदाहरणार्थ रद्द मागण्या वगळण्याची, ती क्वेरीतच लिहायची. काय मोकळे ठेवावे आणि काय बांधावे, हा निर्णय मला संपादकाच्या कामासारखा वाटतो.

भाषेच्या माणसाने लक्ष घालावे अशी जागा पुढे आहे. यंत्र अर्थ जाणत नाही, संकेतांक जुळवते. एका कारकुनाने ‘उधना’ देवनागरीत लिहिले आणि दुसऱ्याने गुजरातीत, तर युनिकोडमध्ये दोन्ही लिप्यांचे विभाग वेगळे असल्याने ती दोन गावे ठरतात, रोमनमधले तिसरे. ‘बऱ्हाणपूर’ त्याहून फसवे. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. छापल्यावर दोन्ही सारखेच, पण फिल्टरला पुष्कळदा वेगळे. मग एका पद्धतीने शोधणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीने नोंदलेला दुकानदार सापडत नाही, त्याची थकबाकीही यादीबाहेर राहते, आणि काही सुटल्याची सूचना अहवाल देत नाही. रिकाम्या रकान्याचेही तसेच : ‘गाव सुरत नाही’ एवढीच अट एसक्यूएलमध्ये घातली, तर गावच न लिहिलेली नोंद त्यातून गळते.

यासाठी गावाचे नाव टंकू न देता ठरलेल्या यादीतून निवडायला लावावे, आणि लावलेले फिल्टर छापील अहवालाच्या माथ्यावर दिसावेत. यादी करताना प्रोग्रामरशेजारी तिन्ही लिप्या वाचणारे कोणी बसवावे. उधना, लिंबायत, पांडेसरा भागांतल्या खानदेशी घरांत अशी मुले पुष्कळ आहेत.