एकच बाहुली मोठी दिसते तेव्हा

आमच्या वसतिगृहात राहून शिकलेली आणि आता सांगली जिल्ह्यात नोकरी करणारी एक माजी विद्यार्थिनी दोन वर्षांपूर्वी आम्हांस भेटावयास आली. तिचे लग्न ठरता ठरता मोडले होते. पाहावयास आलेल्या मंडळींपैकी एका वडीलधाऱ्या बाईंना तिच्या उजव्या डोळ्याची बाहुली डावीपेक्षा मोठी दिसली आणि ‘मुलीच्या डोळ्यात दोष आहे’ एवढाच निरोप मध्यस्थामार्फत आला. शेजारणींनी नजर लागल्याचे निदान केव्हाच करून टाकले होते. “सर, मी आंधळी होणार का?” तिने विचारले. आम्ही इतिहासाचे शिक्षक. उत्तर आमच्यापाशी नव्हते. तिला घेऊन आम्ही मिरजेस गेलो. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून आपल्या भागातील रुग्णांची पावले मिरजेकडेच वळतात.

बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधोमध असलेले छिद्र. उजेडात ते आकसते, अंधारात विस्फारते आणि जवळचे वाचू लागलो की पुन्हा आकसते. डॉक्टरांनी बॅटरीचा प्रकाश टाकला, तेव्हा डावी बाहुली झटकन आकसली. उजवी जवळजवळ ढिम्म राहिली. मग तिला नाकाजवळ धरलेल्या पेन्सिलीकडे पाहावयास सांगितले. आता उजवी बाहुली सावकाश लहान झाली आणि नजर दूर नेल्यावरही बराच वेळ तशीच राहिली.

ही किमया काय, ते समजून घेण्याजोगे आहे. नेत्रगोलाच्या मागे मज्जातंतूंची एक बारीक गाठ असते. मेंदूकडून आलेला आकसण्याचा हुकूम तिच्यातूनच पुढे जातो. या गाठीला इजा होते, तेव्हा कारण बहुधा विषाणूसंसर्गाचे असावे असे मानतात. पुष्कळदा ते सापडतही नाही. तुटलेले तंतू कालांतराने पुन्हा वाढतात. परंतु तेथील तंतूंपैकी बाहुलीसाठीचा एक असेल, तर जवळचे पाहण्यासाठी भिंगाला बाक देणारे सुमारे तीस असतात. म्हणून पुन्हा वाढताना भिंगाकडे जाणारे पुष्कळ तंतू वाट चुकून बाहुलीकडे पोहोचतात. मग बाहुली उजेडाचे ऐकत नाही, वाचनाचे ऐकते. लंडनमधील मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम एडी आणि गॉर्डन होम्स यांनी १९३१ मध्ये या विकाराचे वर्णन केले. रुग्णांत तरुण स्त्रिया अधिक असतात. पुष्कळांच्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली तरी पाय उडत नाही. आमच्या मुलीचाही उडाला नाही, आणि त्या दिवशी ती प्रथमच हसली. निदान पक्के करण्यासाठी पिलोकार्पिनचा अतिशय पातळ केलेला थेंब घालतात. निरोगी बाहुलीवर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. ही मात्र आकसते.

डॉक्टरांनी जुना फोटो मागितला. शाळेच्या दफ्तरातील तिचा दहावीच्या अर्जावरचा फोटो आम्ही मोठा करून पाहिला. दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या. म्हणजे बदल नंतरचा. निरोगी माणसांतही पाचांतील एकाच्या बाहुल्यांत किंचित फरक असतोच. तो जन्माचा की नवा, हे अशा फोटोवरून कळते.

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भांगलण करताना धोतऱ्याचा चीक हाताला लागतो आणि तोच हात डोळ्याला लावला की बाहुली अशीच विस्फारते. धोतऱ्यात अॅट्रोपीन असते. असा परिणाम काही दिवसांत ओसरतो. मात्र बाहुली अचानक मोठी झाली आणि सोबत पापणी खाली पडली, एकाची दोन दिसू लागली, तीव्र डोकेदुखी झाली किंवा डोक्यास मार लागलेला असला, तर सकाळची वाट पाहू नये. मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा किंवा आतला रक्तस्राव मज्जातंतू दाबत असण्याची शक्यता असते. तेथे तासांचा हिशेब असतो.

एडीच्या बाहुलीने दृष्टी जात नाही. उन्हात डोळे दिपतात, त्यासाठी काळा चष्मा. वाचताना अंधुक दिसते, त्यासाठी वाचनाचा चष्मा. वर्षे जातील तशी ती बाहुली लहानही होत जाते. डॉक्टरांनी मुलीला एक चिठ्ठी लिहून दिली: ‘उजवी बाहुली पूर्वीपासून मोठी आहे.’ उद्या अपघात झाला आणि ती बेशुद्ध असली, तर तपासणाऱ्यांचा गैरसमज होऊ नये म्हणून. ती चिठ्ठी ती पर्समध्ये ठेवते. दुसऱ्या स्थळाची मंडळी आली, तेव्हा चहाच्या आधी तिने तीच त्यांच्यापुढे ठेवली.