ताण हलका करायला चित्रकार असावं लागत नाही

“मन थाऱ्यावर नसेल तर थोडं रंगवत बस,” असं सुचवलं की उत्तर ठरलेलं: “छे हो, मला साधा आंबा काढता येत नाही!” शाळेत एलिमेंटरीला ‘सी’ ग्रेड मिळाली, म्हणून जन्मभर ब्रशला हात न लावणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. अहो, पण इथे पेपर तपासतंय कोण?

गैरसमज: अंगात कला असेल तरच तिने ताण उतरतो.

वस्तुस्थिती: अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मार्कर, माती, कोलाजचं साहित्य देऊन हवं ते करू दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक मोजलं. सुमारे ७५ टक्के जणांमध्ये ते कमी झालं, आणि कलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. हा अभ्यास २०१६चा. तो लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि काहींचं कॉर्टिसॉल उलट वाढलं, हेही खरं. म्हणजे कला हा रामबाण उपाय नव्हे. पण ‘मला येत नाही’ ही सबब मात्र टिकत नाही.

कोऱ्या कागदाचीच धास्ती वाटते? मग कोरा कागद घेऊच नका. करी आणि कासर यांच्या २००५च्या प्रयोगात, कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांपेक्षा मंडल किंवा चौकटींची आयती नक्षी रंगवणाऱ्या विद्यार्थ्यांची चिंता जास्त उतरली. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी आहेच: ठिपके मांडून झाले की रेघ कुठून कुठे न्यायची, एवढंच बघायचं. आणि फोटो स्टेटसला टाकलाच पाहिजे असं नाही.

गैरसमज: मनातलं लिहिलं की लगेच मोकळं वाटतं.
वस्तुस्थिती: पेनेबेकर आणि बील यांच्या १९८६च्या प्रयोगात क्लेशकारक अनुभव लिहिणारे विद्यार्थी लिहून झाल्या झाल्या जास्तच खिन्न होते, पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या.

गैरसमज: उशी बडवली की राग निघून जातो.
वस्तुस्थिती: ब्रॅड बुशमन यांच्या २००२च्या प्रयोगात, राग आणणाऱ्याला आठवत पंचिंग बॅग बडवणारे सर्वाधिक चिडलेले निघाले.

गैरसमज: छंद असला की डॉक्टर नको.
वस्तुस्थिती: झोप, भूक, काम आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल तर रंगपेटी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना गाठा. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे.