रिपोर्टवरचे आकडे काय सांगतात? रक्तातले लोह आणि थायरॉईड

सांगोल्यात आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर आपल्या आया-बहिणी पहाटे उठून स्वयंपाक करतात, डाळिंबाच्या बागेत नाहीतर शेतात मजुरीला जातात आणि संध्याकाळी परत चुलीपुढे बसतात. अंग मोडून येते, धाप लागते, केस गळतात, तेव्हा घरचे म्हणतात, "काम जास्त झालं." कुणी तर आळशीपणा म्हणून मोकळे होते. पण हा थकवा अनेकदा रक्तातल्या कमतरतेचा असतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींत एक तरी. म्हणून या वेळी रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा ते आपण समजून घेऊ.

हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातून सगळ्या शरीराला प्राणवायू पोचवणारा लाल पदार्थ. तो तयार करायला लोह लागते. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. ८ च्या खाली गेले, आणि गरोदरपणात ७ च्या खाली, तर तो तीव्र रक्तक्षय. तिथे घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

त्याच कागदावर एमसीव्ही लिहिलेले असते. हा लाल पेशींचा आकार. साधारण ८० ते १०० हे ठीक. लोह कमी पडले की पेशी लहान होतात आणि हा आकडा ८० च्या खाली येतो.

फेरिटिन : कणगीतले धान्य

हिमोग्लोबिन हे रोजच्या वापरातले पीठ समजा, तर फेरिटिन म्हणजे कणगीतला साठा. आधी कणगी रिकामी होते, मग डब्यातले पीठ संपते. म्हणून हिमोग्लोबिन १२ असूनही फेरिटिन कमी असू शकते आणि बाई थकलेली राहते. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपलाच. ३० च्या खाली असले तरी अनेक डॉक्टर लोहाची कमतरता धरतात. मात्र अंगात ताप, जंतुसंसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटे वाढलेले दिसते. तसे काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

एमसीव्ही कमी, पण फेरिटिन चांगले असेल तर कारण आनुवंशिक असू शकते, उदाहरणार्थ थॅलेसेमिया. तिथे लोहाच्या गोळ्या खाऊन उपयोग नाही. सिकलसेल हाही असाच आनुवंशिक आजार. विदर्भातल्या आपल्या बौद्ध कुटुंबांत तो बराच आढळतो. तिकडे सोयरीक असेल, तर लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांची सिकलसेलची तपासणी जरूर करा.

टीएसएच : उलटा आकडा

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी शरीराचा वेग ठरवते. ती मंदावली की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी तिला टीएसएचच्या रूपाने हाक मारते. ग्रंथी जितकी सुस्त, तितकी हाक मोठी. म्हणून टीएसएच वाढलेले असेल तर थायरॉईड कमी पडते आहे, असा अर्थ. साधारण ०.४ ते ४ ही पातळी ठीक धरतात. प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो आणि गरोदरपणातली मर्यादा वेगळी असते. टीएसएच ४ ते १० च्या मध्ये आणि टी-४ ठीक असेल, तर डॉक्टर बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगतात. १० च्या वर बहुधा गोळी सुरू होते.

दोन्ही एकमेकांत गुंतलेले

समजा रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.४, एमसीव्ही ७०, फेरिटिन ६ आणि टीएसएच १४ आहे. पहिले तीन आकडे लोह संपल्याचे सांगतात, चौथा थायरॉईड मंदावल्याचे. थायरॉईड कमी असले की पाळीत रक्तस्राव जास्त होऊ शकतो, त्यातून लोह आणखी जाते. उलट थायरॉईडला आपले काम करायलाही लोह लागते. म्हणून दोन्हींवर एकाच वेळी उपचार हवेत.

पण गोळ्या एकत्र घेऊ नका. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनंतर. नाहीतर थायरॉईडची गोळी नीट अंगी लागत नाही. लोहाच्या गोळीने शौचास काळे होते, त्याला घाबरू नका. हिमोग्लोबिन वाढले म्हणून गोळ्या लगेच सोडू नका. कणगी भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात. थायरॉईडची गोळी सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत तपासावे.

ताटात काय?

आपल्या तालुक्याचे डाळिंब चांगले फळ आहे, पण रंग लाल म्हणून त्याने रक्त वाढते, हा गैरसमज. त्यात लोह फार थोडे. बीटचेही तसेच. बाजरीची भाकरी, अळीव, हरभरा, मटकी, पालेभाज्या यांत लोह आहे. कलेजी आणि मटणातले लोह अधिक सहज अंगी लागते. जेवणात लिंबू पिळा, पेरू किंवा आवळा खा. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तास-दीड तास जाऊ द्या. मीठ आयोडीनयुक्तच वापरा आणि झाकून ठेवा.

कुणी थांबू नये

पुरुषाचे किंवा पाळी बंद झालेल्या बाईचे लोह कमी निघाले, तर रक्त कुठून जाते आहे हे शोधावेच लागते : मूळव्याध, पोटातला व्रण, कधी कर्करोगही. नुसत्या गोळ्यांवर भागवू नका. छातीत धडधड, बसल्या जागी धाप, चक्कर येऊन पडणे असे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासण्या व उपचार निःशुल्क आहेत. ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन चौकशी करा. मुलींना शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी आणि गरोदर बाईला मिळणारी लाल गोळी हीच लोहाची. ती कचऱ्यात जाऊ देऊ नका. रिपोर्ट जपून एका पिशवीत ठेवा आणि पुढच्या वेळी सोबत न्या. जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवला की उपचार लागू पडतो की नाही, ते आपले आपल्यालाही कळते. घरातल्या पुरुषांनी एक करावे : बाई थकली म्हणाली, तर तिला आधी तपासणीला न्यावे.